बक्षीस गावाला, दंड घराला

लोकांच्या सवयी बदलायच्या तर आमिष किती दाखवावे आणि धाक किती घालावा, हा राज्यकर्त्यांपुढचा जुना प्रश्न असून राजनीतीच्या चार उपायांत दाम आणि दंड या दोहोंना स्थान आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हागणदारीमुक्तीसाठी, म्हणजे उघड्यावर शौचाला बसण्याची प्रथा बंद करण्यासाठी, हे दोन्ही उपाय योजले गेले. मात्र त्यांचा परिणाम सर्वांवर सारखा झाला नाही.

तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात बक्षीस कुटुंबाला नव्हे, तर स्पर्धेत उतरलेल्या अख्ख्या गावाला मिळत असे, आणि केंद्राच्या निर्मलग्राम पुरस्काराचे तत्त्वही तेच होते. सामूहिक बक्षिसाची खुबी अशी की, एका घराच्या हयगयीने साऱ्या गावाचा मान हुकतो आणि म्हणून सरकारी माणसाच्या आधी शेजारीच दारात येऊन उभा राहतो. परंतु तपासणी समितीची पाठ फिरताच हे बळ ओसरे. शौचालयात सरपण आणि गोवऱ्या रचलेली घरे पुरस्कारप्राप्त गावांतही दिसत. निर्मलग्राम पुरस्कारांत आघाडीवर असलेल्या या राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भागातील केवळ ३८ टक्के कुटुंबांच्या घरी शौचालय होते.

दंडाची बाजू सांभाळली ती ‘गुड मॉर्निंग पथका’ने. भल्या पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना गाठून कधी गुलाबाचे फूल देणे, तर कधी पोलीस कायद्यान्वये १२०० रुपयांपर्यंत दंडाची कारवाई करणे, ही त्याची रीत. घरात शौचालय असूनही बाहेर जाणाऱ्याला दंड करण्यात गैर काही नाही. पण ज्या मजुराकडे गावठाणात खड्डा खणण्याइतकीही जागा नाही आणि ज्याच्या घरी पिण्याचे पाणीच लांबून आणावे लागते, त्याच्या हाती पडलेले ते फूल म्हणजे चारचौघांत केलेला पाणउताराच होय. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबांना शौचालयासाठी १२,००० रुपये मिळू लागले खरे, पण त्या रकमेने जागेचा आणि पाण्याचा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

या साऱ्या खटाटोपात ग्रामपंचायत अधिनियमातील एक तरतूद अधिक न्याय्य वाटते. शौचालयाचा नियमित वापर करत असल्याचा दाखला न देणारी व्यक्ती, मग ती गावात कितीही वजनदार असो, ग्रामपंचायतीची सदस्य होण्यास अपात्र ठरते.