तेर

महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे प्राचीन गाव. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतातील तगर ते हेच, असे जे. एफ. फ्लीट याने १९०१ मध्ये प्रतिपादिले. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून साधे कापड व नानाविध मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. शिलाहार राजे पुढे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत.

येथील त्रिविक्रम मंदिराचे विटांचे गर्भगृह पाठीमागे अर्धवर्तुळाकार असून त्यावर गजपृष्ठाकृती छत आहे. यावरून हेन्री कझिन्सने ते मूळचे बौद्ध चैत्यगृह ठरविले. तथापि अशी वास्तुरचना केवळ बौद्धांचीच नव्हती; तेवढ्यावरून निर्णय देणे धाडसाचे होय. उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच. त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट उल्लेखनीय आहे.

गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकालीन नाणी, मणी व मृण्मूर्ती विपुल मिळाल्या. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये गाडले गेल्याने हे साम्य कालनिर्णयास उपयुक्त ठरते. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू चिकाटीने जमविल्या नसत्या, तर त्या केव्हाच पांगल्या असत्या. त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात हा संग्रह आहे. मात्र उत्खननाबाहेर मिळालेल्या वस्तूंचा मूळ थर कळत नाही, ही त्यांच्या अभ्यासातील मोठी उणीव होय.

संत गोरा कुंभार येथलेच. त्यांचे समाधिमंदिर तेरणेकाठी आहे.