रोटी ते बोरी : द्राक्षवेल, पालखी आणि भाकरी

बारामती तालुक्याच्या वेशीजवळ, दौंड तालुक्याच्या हद्दीत वसलेले रोटी हे छोटे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : येथील 'फोर सीझन्स' वाईनरी आणि रोटी घाट, जेथे संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा रथ चढवण्यासाठी जादा बैलजोड्या जुंपल्या जातात.

रोटी ते बोरी या पट्ट्यात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीतून पुढील फळ धरणारी काडी तयार होते, तर ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर घड येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची तोडणी होते. वाईनरीत लाल वाईनसाठी शिराझसारख्या काळ्या द्राक्षांचा रस सालीसह आंबवतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो. पांढऱ्या वाईनसाठी मात्र साल आधीच वेगळी केली जाते. इंदापूर तालुक्यातील बोरी गावाची ख्याती मात्र खाण्याच्या द्राक्षांसाठी आहे.

आषाढी वारीत, म्हणजे वेलीवर काडी पक्व होत असताना, तुकाराम महाराजांची पालखी रोटी घाट ओलांडून बारामतीहून पुढे निघते. काटेवाडीत परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्यांचे रिंगण, म्हणजे पालखीभोवतीची मानाची धाव, होते. पुढे बेलवाडीत अश्व गोल रिंगणात धावतात.

या भागाचे जेवण कोरडवाहू शेतीतून घडले आहे : बाजरी-ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, थंडीत कोवळ्या ज्वारीचा भाजलेला हुरडा. त्याला जोड मिळते ती उजनी जलाशयाकाठच्या भिगवणच्या मासळीची. द्राक्षबागा, वारी आणि भाकरी ही तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय या भूमीची ओळख पूर्ण होत नाही.