काचाभ द्रवात दडलेला लिम्फोमा

डोळ्यातला लिम्फोमा, म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग, पहिल्या तपासणीत क्वचितच ओळखू येतो. साधारण पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाची नजर धूसर होते, डोळ्यांपुढे ठिपके तरंगू लागतात. डोळा सहसा लाल नसतो, दुखतही नाही. भिंगामागची पोकळी भरणाऱ्या जेलीसारख्या काचाभ द्रवात डॉक्टरांना पेशींचा धुरळा दिसतो आणि निदान होते युव्हिआयटिसचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहाचे. स्टेरॉइड सुरू होते आणि काही काळ नजर खरोखरच निवळते, कारण लिम्फोमाच्या पेशीही स्टेरॉइडने मरतात. औषध थांबले की धुरळा परत येतो. या चकव्यात महिने जातात, कधी वर्षही उलटते.

हा विलंब जिवावर बेततो. या आजाराचे मेंदूच्या लिम्फोमाशी सख्खे नाते आहे. डोळ्यात सुरू झालेला रोग निम्म्याहून अधिक रुग्णांत पुढे मेंदूत पोहोचतो, आणि बहुतेकांचे दोन्ही डोळे त्यात सापडतात. जुन्या वैद्यकीय लेखनात त्याला 'रेटिक्युलम सेल सार्कोमा' म्हणत. या रोगाच्या पेशी बहुतांशी बी-लसीकापेशींपासून बनतात, हे नंतर स्पष्ट झाले.

अमेरिकेत मेरीलँडमधील बेथेस्डा येथे नॅशनल आय इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या प्रतिकारविकृतिशास्त्र विभागाच्या तत्कालीन प्रमुख चि-चाओ चॅन यांनी या आजाराच्या निदानावर दीर्घकाळ काम केले. अडचण मुळात नमुन्याचीच होती. व्हिट्रेक्टमी, म्हणजे काचाभ द्रव बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया, करून मिळालेल्या द्रवात पेशी थोड्या, त्यातही बऱ्याच मेलेल्या किंवा साध्या दाहाच्या. लिम्फोमाची पेशी मोठी असते. तिचे केंद्रक वेडेवाकडे, भोवतीचा पेशीद्रव जेमतेम. पण ती फार नाजूक. नमुना प्रयोगशाळेत पोहोचायला उशीर झाला की काचपट्टीवर नुसता चुराडा उरतो. म्हणूनच शक्य असेल तिथे शस्त्रक्रियेआधी स्टेरॉइड बंद करतात आणि द्रव ताबडतोब तपासायला पाठवतात.

पेशीचे रूप टिकत नसेल, तर तिने द्रवात सोडलेले रसायन शोधावे, ही वाट चॅन, रॉबर्ट नुसेनब्लाट आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवली. कर्करोगी बी-पेशी इंटरल्युकिन-10 हे प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतात. दाहात मात्र इंटरल्युकिन-6 वरचढ असते. दोहोंचे गुणोत्तर 1 पेक्षा जास्त आले की संशय बळावतो. या चाचणीचे मोल मोठे आहे, पण निर्णायक पुरावा म्हणून ती एकटी पुरत नाही. टी-पेशींच्या दुर्मीळ लिम्फोमात तर हे गणित लागूच पडत नाही.

पुढची पायरी जनुकांची. काचपट्टीवरच्या संशयित पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने हाताने खरवडून वेगळ्या करायच्या, त्यांचा डीएनए काढायचा आणि डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर तंत्राने प्रतिपिंडाच्या जनुकाची जुळणी पाहायची. दाहातल्या बी-पेशींमध्ये ही जुळणी नाना प्रकारची आढळते. कर्करोगात सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीची पिल्ले असल्याने एकच जुळणी ठळकपणे उमटते. मूठभर पेशींवर निदान करण्याची ही रीत चॅन यांच्या प्रयोगशाळेने घडवली. पुढे एमवायडी88 या जनुकातील एका ठरावीक बदलाचीही भर पडली. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात 265 व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन येते. बहुसंख्य रुग्णांत हा बदल सापडतो, त्यामुळे द्रवाच्या अगदी थोड्या नमुन्यातूनही पुरावा मिळू शकतो.

   

लिम्फोमाच्या उपचारात मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचे औषध थेट काचाभ द्रवात टोचतात. मात्रा एका वेळी 400 मायक्रोग्रॅम, तीही 0.1 मिलीलिटर द्रावणात. रिटुक्सिमॅब हे दुसरे औषधही याच मार्गाने देतात. मेंदूत रोग असेल तर शिरेतून मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा द्यावी लागते. फक्त डोळाच बाधित असताना संपूर्ण शरीरावर उपचार करावेत का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. डोळा स्वच्छ झाल्यावरही मेंदूचे एमआरआय ठरावीक अंतराने करावे लागतात. शिवाय डोळ्याच्या पुढच्या भागातून काढलेल्या थेंबभर पाण्यातले इंटरल्युकिन-10 मोजून रोग पुन्हा डोके वर काढतो आहे का, याचाही माग ठेवता येतो.