आधी निदान, मग ग्राफिक्स कार्ड

भाऊबीजेला माहेरी आलेल्या ताईला दारातच धाकट्या भावाची तक्रार ऐकावी लागली. ‘‘तुझा कॉम्प्युटर पार म्हातारा झालाय. गेम सुरू केला की दहा मिनिटांत अडकायला लागतो. बाबांना सांग ना, नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊन द्या म्हणून!’’ २०१४ साली तिच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी घेतलेला तो संगणक आता अकरावीतल्या भावाच्या टेबलावर होता. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि मागाहून बसवलेले दोन जीबीचे छोटे ग्राफिक्स कार्ड. बाबांना क्लासची फी भरायची होती आणि मुलगा पंधरा हजारांच्या कार्डाचे नाव घेत होता.

असे संगणक अनेक घरांत आहेत आणि असे वादही. त्यांत एक चूक नेहमी होते. गेम अडकतो म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडते, असे गृहीत धरून खरेदी होते. दम लागतो म्हणून आलेल्या रुग्णाला कोणी थेट हृदयाच्या शस्त्रक्रियेला नेत नाही. दम हृदयामुळे लागतो, फुफ्फुसांमुळे लागतो, अंगात रक्त कमी असले तरी लागतो. संगणकाचेही तसेच आहे. आधी अडथळा कुठे आहे ते शोधायचे, मग खिशात हात घालायचा.

ताप कशाने आला?

‘दहा मिनिटांनी अडकतो’ या तक्रारीतच पहिला धागा होता. सुरुवातीला नीट चालणारा आणि मग मंदावणारा संगणक बहुधा तापत असतो. तापमान ९०-१०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. तापमान दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. गेम चालू असताना तो आकडा पाहिला की शंका फिटते.

कारण बहुतेक वेळा साधे असते. कॅबिनेटच्या आत अकरा वर्षांची धूळ, प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादी आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली सुकून गेलेली थर्मल पेस्ट. वायर काढून, संगणक गॅलरीत नेऊन, मऊ ब्रश आणि ब्लोअरने सफाई करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. नाकातोंडावर मास्क हवा आणि घरातल्या दमेकऱ्याने जवळ थांबू नये. पॉवर सप्लाय, म्हणजे दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतात तो डबा, मात्र उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

नाडीचा ठोका

यानंतरची तपासणी घरबसल्या होते. गेम चालू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा. रॅम ९०-९५ टक्के भरलेली आणि हार्ड डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर संगणकाला माहिती ठेवायला जागा नाही आणि तो ती पुन्हा पुन्हा डिस्कवर टाकतो आहे. गेम मध्येच गोठतो तो यामुळे. २०१५ मध्ये संगणकावर आलेल्या ‘जीटीए फाइव्ह’साठीही किमान चार आणि शिफारस म्हणून आठ जीबी रॅम सांगितली होती. आजच्या गेमना बहुधा याहून जास्त लागते.

रॅम घेताना पिढी पाहावी. चौथ्या पिढीच्या या संगणकाला डीडीआर-थ्री लागते. डीडीआर-फोरची खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने ती बसतच नाही. एकाच मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण त्यामुळे माहिती ये-जा करण्याचा रस्ता दुपदरी होतो. हार्ड डिस्कऐवजी सॅटा एसएसडी बसवली की सेकंदाला शंभर-दीडशे एमबीऐवजी सुमारे ५०० एमबी माहिती वाचली जाते. गेम लवकर उघडतो आणि मध्ये लागणारे धक्के कमी होतात. फक्त एसएसडीमुळे सरासरी फ्रेम फारशा वाढत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

मुले सेकंदाला किती फ्रेम दिसतात याची सरासरी मोजतात. पण नाडीची सरासरी ७२ भरली तरी ठोके अनियमित असतील, तर डॉक्टर निश्चिंत होत नाहीत. सरासरी ९० फ्रेम आणि मधूनमधून गोठणारे चित्र, यापेक्षा संथ पण सलग ५० फ्रेम खेळायला बऱ्या.

कार्ड कधी घ्यावे?

त्यासाठी एक फुकटची चाचणी आहे. गेमच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करावा. बिंदूंची संख्या २० लाखांवरून ९ लाखांवर येते आणि ग्राफिक्स कार्डावरचा भार निम्म्याहून कमी होतो. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडथळा कार्डात आहे. फारशा वाढल्या नाहीत तर अडथळा बहुधा प्रोसेसरमध्ये आहे आणि महागडे कार्ड निम्मा वेळ रिकामे बसेल. इथे एक चकवा आहे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर एकूण ६० टक्केच दिसला, तरी त्याचा एखादा कोअर पूर्ण दमलेला असू शकतो.

कार्ड घ्यायचेच ठरले, तर एसएमपीएसवरचे लेबल आधी वाचावे. सुमारे ७५ वॉटपर्यंतचे कार्ड मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेऊ शकते. त्याहून मोठ्या कार्डाला वेगळी वायर लागते आणि जुना, स्वस्त एसएमपीएस तिथे मान टाकतो. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, हेही मोजून घ्यावे.

शेवटचा प्रश्न आयुष्याचा. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे. खर्च करताना पुढच्या संगणकात काय नेता येईल ते पाहावे. एसएसडी, कार्ड, चांगला एसएमपीएस आणि मॉनिटर नेता येतात. डीडीआर-थ्री रॅम नेता येत नाही, म्हणून ती कमी किमतीत मिळाली तरच घ्यावी.

खुर्चीतला भाग

गेमच्या साखळीत एक भाग कॅबिनेटबाहेर असतो, तो म्हणजे खेळणारा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर सुमारे ७. हजारो रुपये मोजून वाचतात ते १० मिलिसेकंद. डोळ्यांनी दिसलेल्या खुणेला बोटाने प्रतिसाद द्यायला निरोगी तरुणालाही साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात आणि जागरणाने हा वेळ वाढतो. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. भारतात वाहन चालवण्यासाठीची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे! सकाळी सहाला उठून रात्री एक वाजता खेळणाऱ्या मुलाला कार्डापेक्षा झोपेची गरज जास्त आहे. १३ ते १८ वयात ती आठ ते दहा तास लागते.

पडद्याकडे टक लावल्यावर पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि पडदा हातभर अंतरावर असावा. खेळणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण खेळावरचा ताबा सुटून अभ्यास, नाती, झोप यांचे गंभीर नुकसान साधारण वर्षभर होत राहिले तरच ते निदान होते.

नाण्याएवढा धोका

ताईच्या घरी सफाईसाठी दुरुस्तीवाल्याला बोलावले. वीज गेली की या संगणकाची तारीख मागे जायची, म्हणून त्याने मदरबोर्डवरचा चपटा गोल सेलही बदलला आणि जुना टेबलाच्या कडेला ठेवला. ताईचे दीड वर्षाचे बाळ टेबलाला धरून उभे होते. आजीने सेल झटकन उचलला म्हणून बरे.

सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर रुंदीचा असतो. तान्ह्याच्या अन्ननलिकेत तो अडकू शकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. संगणकाच्या दृष्टीने ‘संपलेला’ सेलही यासाठी पुरेसा असतो. लाळ गळणे, गिळता न येणे, खोकला ही लक्षणे दिसतात, कधी काहीच दिसत नाही. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, शौचातून पडेल म्हणून वाट पाहू नये. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जावे. नाणे गिळले असावे असे वाटले तरीही जावे, कारण बाहेरून फरक कळत नाही. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने गुंडाळून, मुलांच्या हाताबाहेर ठेवून, ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.

त्या घरात सफाई झाली, जुन्याच बनावटीच्या चार जीबीच्या आणखी एका पट्टीने रॅम आठ जीबी झाली, एसएसडी आली. गेम आता मध्येच गोठत नाही. कार्डाचा विषय नवीन संगणक घेईपर्यंत पुढे ढकलला आहे आणि क्लासची फी वेळेवर भरली गेली. रात्री साडेदहाला संगणक बंद करायचा, ही अट तेवढी बाबांनी घातली. पहिले दोन दिवस कुरकुर झाली. तिसऱ्या दिवशी मुलगा हाक न मारता उठला.