खरा अडसर हवेचा

मे महिन्यात मालाने लादलेला ट्रक कसारा घाट चढतो, तेव्हा इंजिनाची उष्णता आधी पाण्यात उतरते, मग रेडिएटरच्या नळ्यांत आणि शेवटी हवेत. गाडी तापली की संशय बहुधा पाण्यावर जातो. सूत्रं मात्र हवेकडे बोट दाखवतात.

वाहत्या द्रवाने किंवा वायूने उष्णता नेण्याला अभिसरण म्हणतात. त्याचा मूळ नियम सोपा आहे: दर सेकंदाला जाणारी उष्णता म्हणजे क्षेत्रफळ, तापमानातला फरक आणि ‘एच’ हा गुणक यांचा गुणाकार. हा नियम न्यूटनच्या नावाने ओळखला जातो. १७०१ साली निनावी छापलेल्या निबंधात त्याने तापलेलं लोखंड निवण्याबद्दल लिहिलं. ते लोखंड त्याने निवांत हवेत न ठेवता एकसारख्या वाऱ्यात ठेवलं होतं, आणि ही दक्षता मला फार मोलाची वाटते. निवांत हवेत गरम हवा आपणहून वर चढते, तापमानातल्या फरकानुसार तिचा वेग बदलतो आणि त्याबरोबर ‘एच’ही बदलतो.

तांब्याची उष्णतावाहकता कोष्टकात सापडते. ‘एच’ तसा सापडत नाही, कारण तो प्रवाहावर ठरतो. १९०४ साली प्रांटल यांनी दाखवलं, की पृष्ठभागालगत प्रवाहाचा एक मंद थर असतो. उष्णतेला त्यातून वाट काढावी लागते. वेग वाढला की थर पातळ होतो. १९३० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात डिटस आणि बोल्टर यांनी मोटारीच्या रेडिएटरवरच काम केलं. त्यांच्या नावाच्या सूत्रानुसार नळीतल्या खळाळत्या पाण्याचा वेग दुप्पट केला, तर ‘एच’ १.७४ पट होतो.

फायदा मोठा वाटतो, पण हिशेब मांडून पाहा. पाण्याच्या बाजूचा ‘एच’ ५,००० आणि हवेच्या बाजूचा ५० धरू. उष्णतेला होणारा विरोध ‘एच’च्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे पाण्याकडे ०.०००२ आणि हवेकडे ०.०२. पाण्याचा वेग दुप्पट करूनही एकूण उष्णता अर्धा टक्कासुद्धा वाढत नाही! उलट हवेच्या बाजूचं क्षेत्रफळ दहापट केलं, तर ती जवळपास नऊपट होते. हे क्षेत्रफळ वाढवणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, टोकाकडे थोड्या थंड राहतात, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी.

रेडिएटरच्या जाळीत पातळ फिन दाटीवाटीने बसवतात त्या यासाठीच. पण ही दाटी फार वाढली, तर हवेची वाट कोंडते. म्हणून फिनवर बारीक चिरा पाडून पत्रा तिरका उचलतात. हवेचा थर जाड होण्याआधीच तुटतो आणि पुढच्या कडेवर पुन्हा पातळ थरापासून सुरुवात होते.