टास्क किलर अ‍ॅपने फोनची बॅटरी खरंच वाचते का?

संध्याकाळपर्यंत बॅटरी संपते म्हणून अनेक जण टास्क किलर अ‍ॅप टाकतात. त्याने फायदा होतो का? सहसा नाही. रॅममध्ये नुसतं पडून असलेलं अ‍ॅप फारशी बॅटरी खात नाही. ते बंद केलं, की पुन्हा उघडताना सगळं नव्याने लोड होतं आणि प्रोसेसरचं काम वाढतं. शिवाय अलार्म किंवा मेसेज चुकण्याचा धोका असतो.

अँड्रॉइड ६ पासून (२०१५) ‘डोझ’ सुविधा फोन वापरात नसताना अ‍ॅप्सना आपोआप आवर घालते. अँड्रॉइड १४ ने (२०२३) तर टास्क किलरचा नेहमीचा मार्गच बंद केला.

मग काय कराल? सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ उघडा, सर्वाधिक वापर करणारं अ‍ॅप शोधा, त्याचा बॅकग्राउंड वापर मर्यादित करा आणि ब्राइटनेस कमी ठेवा.