आचार्यमुष्टि आणि एका लोहाराची गोष्ट

बौद्ध वाङ्मयांत ‘आचार्यमुष्टि’ असा एक मार्मिक शब्द आहे. गुरूनें शिष्यास सर्व शिकवावें, परंतु शेवटचें मर्म तेवढें मुठींत झांकून ठेवावें, या वृत्तीस तें नांव आहे. आपल्या ठायीं अशी मूठ नसल्याचें भगवान बुद्धांनीं अखेरच्या दिवसांत आनंदास सांगितलें, हें प्रसिद्धच आहे. आमच्याकडे मात्र अमक्या वैद्यबुवांची मात्रा त्यांच्याबरोबरच गेली, असें सांगतांना लोक हळहळण्याऐवजीं कौतुकच अधिक करितात! या मिटलेल्या मुठीचा परिणाम किती करुण होतो, हें अमेरिकेंतील एका लोहाराच्या चरित्रावरून वाचकांस सांगावयाचें आहे.

त्याचें नांव जेम्स ब्लॅक. जन्म १ मे १८०० रोजीं, न्यू जर्सी प्रांतांतील हॅकेन्सॅक गांवीं. लहान वयांत तो फिलाडेल्फिया शहरीं चांदीचा मुलामा देणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला व पुढें पश्चिमेस जात जात आर्कान्सा प्रांतांतील वॉशिंग्टन नांवाच्या लहानशा गांवीं स्थायिक झाला. (राजधानीचें वॉशिंग्टन तें निराळें.) तेथें शॉ नांवाच्या लोहाराकडे तो कामास लागला, त्याच्या मुलीशीं त्यानें विवाह केला आणि स्वतंत्र भट्टी घातली. सासऱ्यास हा विवाह मान्य नव्हता.

१८३० च्या सुमारास जेम्स बोवी नांवाचा एक धाडसी गृहस्थ चाकूचा लाकडी नमुना घेऊन ब्लॅककडे आला. ब्लॅकनें त्या नमुन्याबरहुकूम एक चाकू घडविला आणि दुसरा स्वतःच्या कल्पनेनें. बोवीनें दुसराच पसंत केला. पुढें ६ मार्च १८३६ रोजीं टेक्सासांतील अलामोच्या वेढ्यांत बोवी मारला गेला व त्याचें नांव त्या जातीच्या चाकूस कायमचें चिकटलें. ज्यानें मिरविला तो अमर झाला. ज्यानें घडविला तो विस्मृतींत गेला.

हा वृत्तान्त पुढें आर्कान्साचे गव्हर्नर झालेले डॅनियल वेब्स्टर जोन्स यांनीं लिहून ठेविला आहे. बोवी चाकूच्या निर्मितीचा मान ब्लॅकचाच कीं काय, याविषयीं संशोधकांत मतभेद आहेत. परंतु ब्लॅकचें वार्धक्य जोन्स यांनीं आपल्या घरांत स्वतः पाहिलें होतें. म्हणून त्या भागास विशेष मोल आहे.

ब्लॅकची पारख कडक होती. चाकू तयार झाला कीं हिकरी नांवाच्या अत्यंत कठीण लाकडाचा कुऱ्हाडीचा दांडा तो त्यानें बराच वेळ तासी. मग त्याच पात्यानें हातावरील केंस साफ निघाले तरच तो विकावयाचा, नाहीं तर टाकून द्यावयाचा. पात्यास पाणी देण्याचें काम मात्र तो कातडी पडद्याआड करी, असें सांगतात.

या ‘पाणी देण्या’तच सारें मर्म असतें. पोलाद लाल तापवून एकदम निवविलें म्हणजे तें कठीण होतें, पण ठिसूळही होतें. पुन्हां बेतानें तापविलें म्हणजे चिवट होतें. हा बेत पूर्वीं कारागीर पात्यावर चढणाऱ्या रंगावरून ओळखीत. आधीं फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. क्षणाचा उशीर झाला तर धार मऊ पडे. अर्थात् ही विद्या पोथींत नव्हती. ती डोळ्यांत व हातांत होती.

आणि दैवानें नेमके डोळेच नेले! पत्नी वारली. १८३९ साली तो तापानें अंथरुणास खिळला असतांना सासऱ्यानें त्याच्या डोक्यावर दांडक्यानें प्रहार केले. डोळे सुजले, उपचार व्यर्थ गेले व कायमचें अंधत्व आलें. पुढें गांवांतील डॉक्टर जोन्स यांनीं त्यास आश्रय दिला. सुमारें तीस वर्षें त्या कुटुंबानें त्यास सांभाळिलें. डॉक्टरांचे चिरंजीव डॅनियल यांस तो वारंवार सांगे कीं, योग्य वेळ आली म्हणजे माझी विद्या तुलाच देईन.

ती वेळ त्यानें आपल्या सत्तराव्या वाढदिवशीं, १ मे १८७० रोजीं, आली असें मानलें. डॅनियल तेव्हां तीस वर्षांचे होते. कागद, शाई आणण्यास सांगून म्हातारा बोलूं लागला, आणि आरंभींच थांबला. कपाळ चोळीत बसला. तासाभरानें येण्यास सांगितलें, पुन्हां तसेंच. तिसऱ्या खेपेस त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहूं लागले. दहा-बारा कृति होत्या, त्यांतील एकही आठवेना! ज्या घराचें अन्न खाल्लें, त्याचें ऋण या एका ठेव्यानें फेडूं, ही त्याची आशा त्या दिवशीं संपली. त्या धक्क्यानें त्याची बुद्धीच ढळली. २२ जून १८७२ रोजीं तो वारला.

यांत नवल नाहीं. तीस वर्षें ज्यानें घण उचलला नाहीं, त्याच्या स्मरणांत कृति राहील कशी? अभ्यासावांचून विद्या नासते, हें आम्ही शाळामास्तर मुलांस सांगतों; पण शिकविणें हाही अभ्यासच, हें विसरतों. ब्लॅकनें एक शिष्य शेजारीं बसविला असता, तर डोळे गेल्यावरही त्याची विद्या दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहत राहिली असती.

याच्या अगदीं उलट वर्तन त्याच देशांतील विल्यम मोरन (१९२५-२००६) या कारागिराचें. पोलादाचे थर जोडून लाटांसारखी नक्षी असलेलीं पातीं त्यानें १९७३ साली प्रदर्शनांत मांडलीं आणि सोबत सर्व कृति छापलेली पुस्तिका फुकट वांटली. १९७६ साली त्यानें पातीं घडविणाऱ्यांची संस्था स्थापिली. संस्थेची शाळा १९८८ साली निघाली, ती ब्लॅकच्याच वॉशिंग्टन गांवीं! आज तेथें ब्लॅकच्या नांवाचीही लोहारकामाची शाळा आहे.

आपल्या घरोघरीं अशा लहान विद्या आहेत. कुणाच्या हाताला लोणच्याचा बेत ठाऊक असतो, कुणास वेदपठणांतील स्वर, तर कुणास बाळगुटीचें प्रमाण. ज्यांच्यापाशीं त्या आहेत, त्यांनीं योग्य वेळेची वाट पाहूं नये. घरांतील एखादें मूल आजच जवळ बसवावें आणि त्याच्या हातून तें काम करवून घ्यावें.